फळ्यापासून फाळापर्यंत

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाला आणि तिथे कळले, की त्याला काही रंग ओळखू येत नाहीत. यंत्ररेखनाला मात्र रंग लागत नाहीत; काळी रेघ बिनचूक असली म्हणजे झाले. ती त्यांच्या हाताला साधली आणि ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकवू लागले.

बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तिथे बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालवता चालवता कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाले.

नांगर बनवणे एकवेळ सोपे, विकणे महाकठीण. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली.

तो बिनचूक बनवण्यात मात्र ड्रॉइंगचा मास्तर कामी आला असणार. ओतीव लोखंड निवताना शेकडा एकाच्या आसपास आकसते. म्हणून ज्यावरून साचा घेतात तो लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, तेवढा मोठा धरावा लागतो, नाहीतर भोकाला भोक जुळत नाही आणि झिजलेला फाळ काढून शेतकऱ्याला नवा बसवता येत नाही. उत्पादनातले संशोधन म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

बेळगावची जागा नगरपालिकेच्या हुकमाने सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या तोफांचे नांगर झाले.

पुढे मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत यंत्र अभियांत्रिकी शिकून याच वाडीत कामाला लागला. पंप, इंजिने, यंत्रे यांची कहाणी बरीच सांगितली गेली आहे. तिच्या मुळाशी असलेला शिक्षक मात्र मागे राहिला.

आज उत्पादनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकदा तरी पलूस तालुक्यातल्या या वाडीला न्यावे आणि ओतशाळेतला एक पॅटर्न हातात घेऊन मोजायला लावावा.