संगीताचे ध्वनिसंक्षेपण

ध्वनिमुद्रित संगीताची अंकीय माहिती कमी जागेत मावावी म्हणून तिच्यावर करण्यात येणाऱ्या प्रक्रियेस ध्वनिसंक्षेपण म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. हानियुक्त संक्षेपणात कानाला जाणवणार नाही असे मानलेला ध्वनीचा भाग वगळतात व तो पुन्हा मिळविता येत नाही. हानिरहित संक्षेपणात माहितीची मांडणी तेवढी आटोपशीर करतात. वाजविताना मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. एमपी-३ हे पहिल्या प्रकाराचे व फ्लॅक हे दुसऱ्या प्रकाराचे परिचित उदाहरण होय.

संगीत साठविण्याच्या प्रत्येक साधनाने काही ना काही वगळलेच आहे. भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यास केली. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन ते साडेतीन मिनिटांचेच गायन मावे. त्यामुळे तासभर चालणारा ख्याल गायकालाच आवरता घ्यावा लागे. ध्वनिफितीमुळे हे बंधन सैल झाले आणि १९८० नंतरच्या दशकात स्वस्त कॅसेटींमुळे खाजगी मैफलींचेही ध्वनिमुद्रण होऊ लागले. ठाणे हे संगीतभूषण राम मराठे (१९२४–८९) यांच्या वास्तव्याचे गाव आणि कल्याण गायन समाजासारख्या संस्थेमुळे कल्याणलाही मैफलींची परंपरा आहे. म्हणून या परिसरात अशा फितींचे महत्त्व विशेष आहे. परंतु फितीवरून फीत उतरविताना दर पिढीगणिक खरखर वाढत जाई.

सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. तीत ध्वनितरंगाचे मापन प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदास ४४,१०० वेळा होते व प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते. दोन वाहिन्या धरून हा वेग सेकंदास १४,११,२०० बिट होतो. म्हणजे तासाभराच्या गायनास सु. ६३·५ कोटी बाइट लागतात. हा भार कमी करण्याची पद्धत जर्मनीतील एरलांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी इतरांच्या सहकार्याने विकसित केली. १९९२ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय मानकात समावेश झाला व १९९५ मध्ये फाइलीच्या नावाअखेर ‘एमपी-३’ ही अक्षरे लावण्याचे ठरले. सेकंदास १,२८,००० बिट या वेगाने तेच गायन मूळ आकाराच्या सु. एक-अकरांश जागेत मावते. एका डिस्कवर सु. बारा तासांचे संगीत साठविणे त्यामुळेच शक्य झाले.

या पद्धतीचा पाया ध्वनीच्या आच्छादनाचा आहे. मोठ्या आवाजाजवळच्या कंप्रतेचा हळू आवाज कानाला ऐकू येत नाही. असे झाकले गेलेले अंश स्थूलपणे नोंदवितात किंवा गाळतात. डोंबिवलीहून मुंबईस उपनगरी गाडीने जाणाऱ्या श्रोत्याच्या बाबतीत चाकांचा व प्रवाशांचा गोंगाट हेच काम आणखी करतो. तेथे दोन प्रकारच्या फाइलींतील भेद सहसा कळत नाही. रात्रीच्या शांत खोलीत, चांगल्या श्रवणयंत्रावर मात्र तो काही ठिकाणी प्रकट होतो. तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणाऱ्या असंख्य उपस्वरांची झळाळी कमी वेगाच्या फाइलीत मंदावते. (चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा व तंबोरा यांच्या या वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले होते.) तबल्याच्या तीक्ष्ण आघातापूर्वी क्षणभर अस्पष्ट पूर्वध्वनी उमटू शकतो, झांज व टाळ्यांचा कडकडाटही पाण्यासारखा पसरट भासतो.

जॉश कोलसन यांनी २००० मध्ये हाती घेतलेल्या फ्लॅकची पहिली पूर्ण आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मागील मापांवरून पुढील मापाचा अंदाज बांधून प्रत्यक्ष व अंदाज यांतील फरकच थोडक्यात लिहितात. जागा सामान्यपणे मूळच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत लागते. ध्वनीत फरक पडत नाही.

तुलना विश्वसनीय होण्यासाठी दोन्ही नमुन्यांची पातळी समान ठेवावी लागते व कोणता नमुना वाजत आहे हे श्रोत्यास कळू देत नाहीत. कारण किंचित मोठा आवाज बहुधा अधिक चांगला वाटतो. अशा परीक्षांत १,२८,००० बिटांच्या फाइलीतील दोष सरावलेले कान निवडक भागांत ओळखतात; २,५६,००० ते ३,२०,००० बिटांच्या, काळजीपूर्वक केलेल्या फाइली मात्र बहुतेकांना बहुतेक संगीतात मूळापासून वेगळ्या करता येत नाहीत. तेव्हा हानिरहित फाइल सदैव अधिक श्रवणीय असते, हा समज खरा नाही.

तिचे खरे महत्त्व जतनात आहे. हानियुक्त फाइल पुन्हा संक्षेपित केली की नवी हानी होते. तिचे फ्लॅकमध्ये रूपांतर केल्यास आकार वाढतो, पण गेलेला स्वर परत येत नाही. जुन्या तबकडीत उच्च कंप्रता मुळातच थोड्या असतात, म्हणून तिला एमपी-३ पुरे, असा युक्तिवाद करतात. परंतु तिची खरखर अनियमित असल्याने संक्षेपणास कठीण जाते व उपलब्ध बिट तीच खाते. शिवाय पुढे खरखर काढण्यासाठी मूळ तरंगरूपच हवे असते. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालयांच्या संघटनेने जतनाच्या प्रतीसाठी २४ बिट व किमान सेकंदास ४८,००० मापे, शक्यतो ९६,००० मापे, असंक्षेपित स्वरूपात घेण्याची शिफारस केली आहे. घरातील एखाद्या मैफलीची एकमेव कॅसेट एमपी-३ मध्ये उतरवून टाकून दिल्यास त्या मैफलीचे पुढील सर्व श्रवण त्या एका फाइलीच्या गुणवत्तेवरच अवलंबून राहते. म्हणून संग्राहकाने प्रथम हानिरहित प्रत करावी, ती दोन ठिकाणी ठेवावी, प्रवासातील श्रवणासाठी तिच्यावरून एमपी-३ काढावी आणि मूळ फीत जपावी.