स्वस्तातला डेस्कटॉप घेताय? नुसत्या ‘आय-७’वर भुलू नका

जाहिरातीत ‘आय-७ डेस्कटॉप’ अगदी स्वस्तात दिसला, तर आधी प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा. पुढचे एक-दोन अंक म्हणजे त्याची पिढी. ‘आय-७ ४७७०’ चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा. बाराव्या पिढीचा ‘आय-३ १२१००’ त्याच्यापेक्षा वेगवान आहे. शिवाय विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो.

मग पैसे कुठे घालायचे?

ग्राफिक्स कार्ड : अभ्यास, ऑफिसच्या कामासाठी गरज नाही. मात्र नंबरच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर टाळा. त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

स्टोरेज : विंडोज एसएसडीवरच टाका. हार्ड डिस्क फक्त फोटो-व्हिडिओ साठवायला.

रॅम : १६ जीबी हवी असेल, तर ८ जीबीच्या दोन स्टिक घ्या. एकाच स्टिकपेक्षा वेग चांगला मिळतो. बजेट कमी पडलं, तर दुसरी नंतर लावता येते.

एसएमपीएस : इथे काटकसर नको. तो बिघडला, तर बाकीचे पार्टही जाऊ शकतात.

बिलावर प्रत्येक पार्टचं मॉडेल लिहून घ्या, वॉरंटीसाठी तेच कामी येतं.