आडनाव विचारणारे मन

गेवराई तालुक्यातल्या उमापूरला जाणाऱ्या एस.टी.त शेजारच्या प्रवाशाने नाव सांगितले, की आमच्या तोंडून प्रश्न निघतोच, ‘आडनाव काय?’ तो विचारायचा असे आम्ही ठरविलेले नसते. उत्तर कानी पडताच मात्र आमचा आवाज किंचित बदलतो.

मनाच्या अशा अदृश्य व्यवहाराला मराठी कादंबरीत ठळक रूप दिले ते बा. सी. मर्ढेकरांनी, ‘रात्रीचा दिवस’मध्ये (१९४२), संज्ञाप्रवाहाच्या तंत्राने. तेथे मन एका व्यक्तीचे होते. त्याआधी १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी एक भाषण लिहिले. ते प्रत्यक्षात झाले नाही. जात ही विटांची भिंत नव्हे, मनाची अवस्था आहे, असे त्यांनी त्यात मांडले होते. १९५० साली राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आमचा प्रश्न मात्र जिभेवर राहिला.

मग इच्छास्वातंत्र्य कोठे उरते? बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगात, हात हलविण्याची इच्छा जाणवण्यापूर्वी सुमारे एकतृतीयांश सेकंद मेंदूतील तयारी सुरू झालेली आढळली. या निष्कर्षाच्या अर्थाविषयी आजही वाद आहेत. लिबेट यांच्या मते, सुरू झालेली कृती रोखण्याची मुभा जाणिवेकडे असते.

‘मी बोललो’ऐवजी ‘तोंडून निघून गेले’ म्हणण्याची सूट मराठी आपल्याला देते. ती न घेता ओठांवर आलेले ‘आडनाव काय?’ तेथेच थांबविणे, एवढे स्वातंत्र्य तरी आम्ही आमचे मानतो.