पूर्णेचें पाणी आणि राज्यांची मोकळीक

हळदीच्या बाजारपेठेमुळें प्रसिद्धीस आलेलें वसमत एकाच जागीं राहून अनेक राज्यव्यवस्थांचें नागरिक झालें. १९४८ पर्यंत तें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. १९५६ सालीं तें द्वैभाषिक मुंबई राज्यांत आलें, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि १९९९ सालीं परभणींतून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यांत गेलें. कागदावरच्या सीमा अशा हालल्या. पाण्यानें मात्र आपली वाट सोडली नाहीं. या परिसरांतील पाणी पूर्णा व आसना या नद्यांतून गोदावरीस मिळतें आणि पुढें तेलंगणांत, पोचम्पाडच्या श्रीरामसागरांत जातें. संस्थानी काळीं हा सारा मार्ग एकाच सत्तेखालीं होता. आज वरचा कांठ एका राज्याचा व खालचा दुसऱ्याचा आहे.

यामुळें एक प्रश्न उभा राहतो. नदी निर्मळ राखण्याचा कायदा सर्व देशास एकच असावा, कीं ज्या त्या राज्यानें तो आपल्या सोयीनें करावा?

महाराष्ट्रानें या प्रश्नाचें पहिलें उत्तर केंद्राची वाट न पाहतां दिलें. राज्यघटनेनें पाणी हा विषय राज्यांकडे सोंपविला आहे. त्या अधिकारानें महाराष्ट्रानें १९६९ सालीं जलप्रदूषणास आळा घालणारा स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजीं त्यासाठीं मंडळ स्थापिलें. संसदेचा कायदा आला तो १९७४ सालीं. आणि तोहि राज्यांच्या विधिमंडळांनीं ठराव करून मागितला म्हणून. घटनेच्या २५२ व्या कलमांत तशी तरतूद आहे. आरंभीं तो ज्या बारा राज्यांस लागू झाला त्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि गोदावरीच्या खालच्या अंगाचा आंध्र प्रदेशहि नव्हता.

१ जून १९८१ पासून महाराष्ट्रानें केंद्राचा कायदा स्वीकारला. या स्वीकाराचा अर्थ वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. असा कायदा एकदां स्वीकारला कीं त्यांत फेरफार करण्याचा अधिकार राज्याकडे उरत नाहीं. तो संसदेकडे जातो. राज्याच्या हातीं राहिली ती अंमलबजावणी : कारखान्यास संमति देणें, तीस अटी घालणें, तपासणी करणें आणि खटला भरणें. पुढें १९८६ च्या पर्यावरण नियमांनीं आणखी एक मुभा दिली. पाणी ज्या प्रवाहांत मिसळणार त्याची स्थिति पाहून, कारणें लेखी नोंदवून, राज्याच्या मंडळास देशाच्या मर्यादेहून अधिक कडक मर्यादा घालतां येते. सैल मर्यादा घालण्याची मुभा मात्र तेथें नाहीं.

या एकतर्फी सवलतींत मोठें शहाणपण आहे, असें आमचें मत आहे. दिल्लींत बसून मराठवाड्याची नदी कळत नाहीं, हा आक्षेप खोटा नव्हे. साखर कारखान्याच्या सांडपाण्यांतील कुजणाऱ्या द्रव्यास लागणारा प्राणवायु लिटरमागें ३० मिलिग्रॅमहून अधिक नसावा, अशी नदींत पाणी सोडण्याची देशव्यापी मर्यादा आहे. पण श्रावणांतली दुथडी नदी आणि फाल्गुनांतली रोडावलेली धार यांस तोच आंकडा सारखा कसा मानवावा? उसाचें गाळप तर पाणी आटत जातें त्याच महिन्यांत चालतें. तेव्हां स्थानिक ज्ञान हवेंच. परंतु तें ज्ञान बहुधा अधिक सावधगिरी शिकवितें, ढिलाई नव्हे.

राज्याची मोकळीक दोन्ही दिशांस कशी झुकते, हें महाराष्ट्राच्याच इतिहासांत दिसतें. नदीपासून ठराविक अंतरांत कोणते उद्योग नसावेत हें ठरविणारें धोरण राज्यानें २००० सालीं आंखलें, आणि २०१५ सालीं तें स्वतःच रद्द केलें. केंद्रानें तें मागितलें नव्हतें आणि तें राखण्याची सक्तीहि केली नव्हती. राज्यानें स्वेच्छेनें चढलेली पायरी राज्य स्वेच्छेनें उतरूं शकतें. देशाचा कायदा फक्त तळाची पायरी राखतो.

म्हणूनच ती तळाची पायरी ढळूं देऊं नये. वसमतच्या शेतकऱ्यास स्वच्छ पाणी हवें, तसेंच तें खालच्या कांठच्या तेलुगु शेतकऱ्यासहि हवें. पण त्याला आमच्या विधिमंडळांत मत नाहीं. ज्याला मत नाहीं त्याचें रक्षण करणें, हेंच एकसूत्री कायद्याचें खरें प्रयोजन होय. बाकी सारें, म्हणजे तपासणीची तत्परता व अटींची कडक अंमलबजावणी, राज्याच्या मोकळिकीवरच अवलंबून आहे. ती मोकळीक कोणत्या दिशेस वापरली जाते, हें पाहणें वरच्या कांठच्या सुशिक्षितांचें कर्तव्य आहे.