ब्रायन एबल-स्मिथ आणि आरोग्यखर्चाचे मोजमाप

आरोग्यसेवेवरील सरकारी खर्च वाढत आहे, असे विधान केले जाते तेव्हा ती वाढ कशाशी ताडून पाहिली, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. ब्रायन एबल-स्मिथ (१९२६–१९९६) यांच्या अध्यापनाचे व सल्लागारीचे सूत्र या प्रश्नात सापडते.

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिचा खर्च प्रारंभिक अंदाजांपेक्षा पुष्कळच अधिक झाला. १९५१ साली कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्यात आला. विनामूल्य सेवा राष्ट्राला पेलवणार नाही, ही शंका बळावत असता १९५३ साली सरकारने सी. डब्ल्यू. गिलबॉड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीसाठी हिशेबांची छाननी केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र शिकलेल्या एबल-स्मिथ यांनी, रिचर्ड टिटमस यांच्या सहकार्याने केली.

त्यांनी चालू खर्च व भांडवली खर्च निराळे केले, किंमतवाढीचा परिणाम वजा केला आणि उरलेला आकडा राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडला. निष्कर्ष रूढ समजुतीच्या विरुद्ध निघाला. सेवेच्या चालू खर्चाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण १९४९–५० मध्ये ३.७५ टक्के होते. १९५३–५४ मध्ये ते ३.२५ टक्क्यांवर उतरले होते. रुग्णालयांवरील भांडवली खर्च तर युद्धपूर्व पातळीच्या सुमारे एकतृतीयांशच होता. उधळपट्टीचा आरोप ज्या सेवेवर होता, तिच्या इमारतींची खरे पाहता आबाळ होत होती. १९५६ च्या अहवालात समितीने सेवेच्या रचनेत मूलगामी बदल सुचविले नाहीत.

हीच पद्धती पुढे ब्रिटनबाहेर गेली. मॉरिशसमधील सामाजिक धोरण व लोकसंख्यावाढ यांवरील अहवाल १९६१ साली, तर टांगानिकातील आरोग्यसेवांवरील अहवाल १९६४ साली प्रसिद्ध झाला. दोहोंत टिटमस व एबल-स्मिथ सहभागी होते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९६३ व १९६७ साली विविध देशांच्या आरोग्यखर्चाचे तौलनिक अभ्यास सिद्ध केले. १९६५ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झाले. रिचर्ड क्रॉसमन, बार्बरा कॅसल आदी मंत्र्यांचे ते सल्लागारही होते.

तथापि या पद्धतीला एक मर्यादा आहे. जेथे रुग्ण वैद्याला रोख पैसे देतो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही, तेथे केवळ सरकारी हिशेबावरून समाजाचा आरोग्यखर्च कळत नाही. शिवाय खर्च किती झाला हे प्रमाणावरून कळते. तो पुरेसा होता काय, हे कळत नाही. तो निर्णय समाजाने करावयाचा असतो. परंतु चुकीच्या आकड्याच्या भीतीने तो होऊ नये, एवढी व्यवस्था १९५६ च्या त्या छाननीने केली.