बुकक्रॉसिंग म्हणजे काय? वाचून झालेलं पुस्तक अनोळखी वाचकासाठी कसं सोडायचं?

बागेतल्या बाकावर एक पुस्तक पडलंय आणि त्यावर लिहिलंय, "मी हरवलेलो नाही, मला घरी न्या." तुम्ही काय कराल? आज आपण याच प्रकाराची, म्हणजे बुकक्रॉसिंगची माहिती घेऊ.

बुकक्रॉसिंग म्हणजे काय?

वाचलेलं पुस्तक सार्वजनिक ठिकाणी सोडायचं, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, आणि त्याचा पुढचा प्रवास ऑनलाइन बघायचा. अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर यांनी एप्रिल २००१ मध्ये यासाठी बुकक्रॉसिंग ही वेबसाइट सुरू केली. डॉलरच्या नोटांचा नंबर टाकून त्यांचा प्रवास दाखवणारी एक साइट तेव्हा होती, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. २००४ मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या एका शब्दकोशातही गेला.

हे काम कसं करतं?

पुस्तकात चिप नसते, जीपीएस नसतं. असतो तो फक्त एक नंबर, बीसीआयडी.

पुस्तकाच्या मागे बारकोडजवळ आयएसबीएन असतो, मग हा वेगळा नंबर कशाला? फोनचं उदाहरण घेऊ. एकाच मॉडेलच्या हजारो फोनचं मॉडेल नाव सारखं असतं, पण प्रत्येक फोनचा आयएमईआय वेगळा. तसंच, एका आवृत्तीच्या सगळ्या प्रतींचा आयएसबीएन एकच असतो, बीसीआयडी मात्र तुमच्या हातातल्या त्या एका प्रतीचा.

पुस्तक सोडायच्या स्टेप्स

१. साइटवर फ्री अकाउंट काढा आणि पुस्तक रजिस्टर करा.
२. मिळालेला बीसीआयडी आणि साइटचा पत्ता पहिल्या पानावर लिहा. साध्या पेनानेही चालतं.
३. पुस्तक कुठे सोडलं ते साइटवर नोंदवा.
४. ज्याला सापडेल तो नंबर टाकून नोंद करतो. त्यासाठी त्याला अकाउंट काढावंच लागत नाही. नोंद आली की तुम्हाला ईमेल येतो.

माझा अनुभव

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी एक कथासंग्रह एसटी स्टँडच्या बाकावर ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिलो. लोक यायचे, पुस्तक बघायचे आणि दोन हात सोडून बसायचे. वर स्पीकरवर घोषणा चालू होती, "बेवारस वस्तूंना हात लावू नका!" पाऊण तासाने मीच ते उचललं.

मग कॉलेजजवळच्या चहाच्या टपरीवर काकांना विचारून ठेवलं. कव्हरवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "हे पुस्तक तुमच्यासाठी आहे. वाचा आणि पुढे द्या." दोन दिवसांत पुस्तक गेलं. मी रोज मेल बघायचो, पण नोंद काही आली नाही. सिस्टम फेल, असं मी ठरवून टाकलं.

तीन महिन्यांनी काका म्हणाले, "अरे, अभ्यासिकेतला एक पोरगा घेऊन गेला होता. परत आणून दिलं, सोबत त्याचं एक ठेवलं. ते पण गेलं!" साइटवर मात्र माझं पुस्तक अजून 'प्रवासात'च आहे.

रोज लॉग बघून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला. नोंद आली नाही याचा अर्थ पुस्तक वाचलं गेलं नाही असा होत नाही. बऱ्याच पुस्तकांची नोंद कधीच येत नाही, हे धरूनच पुस्तक सोडायचं.

हे लक्षात ठेवा

- रेल्वे स्टेशन, विमानतळ अशा ठिकाणी बेवारस ठेवू नका. टपरी, सलून, दवाखान्याची वेटिंग रूम चालेल, पण आधी विचारून.
- पुस्तकावर स्वतःचा मोबाइल नंबर किंवा पत्ता लिहू नका. बीसीआयडी पुरेसा आहे.
- पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत ठेवा.
- लायब्ररीचं किंवा मित्राकडून आणलेलं पुस्तक सोडू नका!
- परत हवं असलेलं पुस्तकही सोडू नका.

अकाउंटची भानगड नको असेल तर?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये टॉड बोल यांनी २००९ मध्ये घरासमोर खांबावर पुस्तकांची छोटी पेटी लावली. त्यातूनच लिटल फ्री लायब्ररी उभी राहिली. एक पुस्तक न्या, एक ठेवा, इतकंच. सोसायटीच्या लॉबीत एक रिकामा खोका ठेवूनही हे करता येईल.

पुस्तक सोडलंत तर कुठे सोडलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि कुठे सापडलं, तर आधी त्याचं पहिलं पान उघडून बघा. एका नोंदीची कुणीतरी वाट बघत असेल.