हालचाल मर्यादित असलेल्या बालकाची श्रवणचाचणी

बालकाला ऐकू येते की नाही, हे घरोघरी टाळी वाजवून किंवा खुळखुळा हलवून पाहिले जाते. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचे विकार असलेल्या बालकाच्या बाबतीत मात्र हा ठोकताळा फसवा ठरतो. ऐकू येत असूनही त्याला मान वळवता येत नसेल. उलट, खरे बहिरेपणही अपंगत्वाचाच भाग समजले जाऊन दुर्लक्षित राहू शकते.

प्रतिसादावर आधारित चाचण्या

सुमारे ६ महिन्यांनंतर बालकाने आवाजाच्या दिशेने मान वळवताच उजळणारे खेळणे दाखवून चाचणी घेतात. पुढे आवाज ऐकू येताच ठोकळा डब्यात टाकण्याचा खेळ घेतला जातो. अशी हालचाल शक्य नसल्यास नजर वळवणे, पापणी मिटणे किंवा मोठे बटण दाबणे यांपैकी बालकाला जमेल ती खूण आधी ठरवता येते. डोके व धड यांना आधार आणि उत्तरासाठी पुरेसा अवधी देणे आवश्यक असते.

उपकरणांद्वारे होणाऱ्या चाचण्या

'ओएई' चाचणीत कानात लहानसा प्रोब बसवून आंतरकर्णातील केशपेशींचे कार्य पाहतात. 'बेरा' चाचणीत कपाळावर व कानांमागे इलेक्ट्रोड लावून श्रवणमज्जातंतूपासून मेंदूच्या स्तंभापर्यंत जाणारे संदेश नोंदवले जातात. बालकाच्या सहकार्याची गरज नसली, तरी स्नायूंच्या ताणाने नोंद बिघडते. म्हणून ही चाचणी शक्यतो झोपेत घेतात. पडद्यामागे द्रव साचला आहे का, हे टिंपॅनोमेट्रीने कळते.

यांपैकी केवळ ओएई चाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे. नवजात अवस्थेतील तीव्र काविळीत बिलिरुबिन मेंदूतील हालचालींच्या केंद्रांना आणि श्रवणमार्गालाही इजा करू शकते. केशपेशी शाबूत राहिल्याने ओएई चाचणीचा निष्कर्ष सामान्य येतो. प्रत्यक्षात मेंदूकडे जाणारा संदेश विस्कळीत असतो. त्यामुळे अशा बालकाची बेरा चाचणी झालीच पाहिजे.

पालकांनी घ्यावयाची काळजी

चाचणीच्या वेळी नैसर्गिक झोप लागेल अशी वेळ ठरवून घ्यावी. गुंगीचे औषध द्यावे लागल्यास ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच द्यावे. श्वसनाचा वा गिळण्याचा त्रास, तसेच चालू औषधे आधी सांगावीत. अपस्माराची औषधे परस्पर बंद करू नयेत.

कधी व कोठे?

जन्मानंतर १ महिन्यात प्राथमिक तपासणी, ३ महिन्यांत निदान व ६ महिन्यांत उपचारांचा प्रारंभ, हा सर्वमान्य दंडक आहे. तो काळ उलटून गेला असला, तरी कोणत्याही वयात तपासणी करता येते. गोव्यातील पालकांना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात सल्ला घेता येईल. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईतील अली यावर जंग संस्था या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था आहेत. बालकाचे हातपाय चालत नसले, तरी त्याच्यापर्यंत भाषा पोहोचवण्याचा मार्ग बहुधा कानातूनच जातो. तो मोकळा आहे का, हे वेळीच तपासणे अगत्याचे आहे.